इंग्रजीचे पदव्युत्तर अध्ययन आणि तालुक्याची शाळा : बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात

१

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास बहुधा दोन वेगवेगळ्या वृत्तांतांच्या रूपाने सांगितला जातो. पहिला वृत्तांत विद्यापीठाचा. त्यात कायदे, परीक्षा, अभ्यासक्रम, नामांकित प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांची नोंद असते. दुसरा वृत्तांत शाळेचा. त्यात इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे, किती तासिका द्याव्यात, कोणती क्रमिक पुस्तके लावावीत, या प्रश्नांवरचे वाद येतात. परंतु विद्यापीठातून इंग्रजीची एम. ए. ही पदवी घेऊन बाहेर पडलेला पदवीधर शाळेत वा महाविद्यालयात शिक्षक म्हणून उभा राहतो, तेव्हा हे दोन वृत्तांत एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र येतात. आणि नेमक्या त्या ठिकाणी त्यांचा परस्परांशी किती अल्प संबंध आहे, हे ध्यानात येते.

या दृष्टीने पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके विशेष अभ्यसनीय आहेत. पुण्यातील विद्यासंस्थांच्या छायेपासून हा भाग इतका दूर आहे की येथील विद्यार्थ्याला इंग्रजी सहजगत्या कानांवर पडून येत नाही. ती वर्गातच शिकावी लागते. उलट तो इतका जवळही आहे की पुण्यात जे शैक्षणिक निर्णय झाले त्यांचा परिणाम येथे तत्काळ पोहोचला. शिवाय १९६२ मध्ये बारामती येथे महाविद्यालय निघाल्यापासून या भागातील विद्यार्थी येथेच उच्च शिक्षण घेऊन येथेच शिक्षक होऊ लागला. तेव्हा एम. ए.च्या अभ्यासक्रमात जे आहे त्याचा, आणि जे नाही त्याचाही, हिशोब येथे एका पिढीच्या आत पुरा होतो.

२

बारामतीला भाषाव्यवहाराची परंपरा नवी नाही. मोरेश्वर रामचंद्र पराडकर ऊर्फ मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे काव्यलेखन याच गावी, बाबूजी नाईक बारामतीकर यांच्या आश्रयाने झाले. मोरोपंतांची आर्या संस्कृतप्रचुर होती. तथापि ती पुराणश्रवणाच्या निमित्ताने जमलेल्या सामान्य श्रोत्यांपुढे येत असे. घरची बोली एक आणि ऐकावयाची ग्रांथिक भाषा दुसरी, ही स्थिती येथील लोकांना इंग्रजी येण्यापूर्वीपासून परिचयाची होती.

इंग्रजी राज्याशी या भागाचा निकट संबंध आला तो प्रथम जमीनमहसुलाच्या निमित्ताने. पूर्वीची प्रिंगल यांची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी व आकारणी सुरू केली, आणि पुढे मुंबई इलाख्यातील सर्व्हे सेटलमेंटचा तो आदर्श ठरला. या व्यवस्थेची भाषिक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. शेताच्या बांधावरची चर्चा मराठी बोलीत होई, कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत राही आणि अंतिम निर्णयाचा अहवाल इंग्रजीत लिहिला जाई. रयतेच्या जमिनीविषयीचा निर्णय अशा रीतीने तिच्यापासून दोन पायऱ्या दूर असलेल्या भाषेत होऊ लागला.

कागद आणि त्याची भाषा यांचे महत्त्व या भागाला १८७५ मध्ये अधिक कठोरपणे कळले. आज बारामती तालुक्यात असलेल्या व त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून ते नष्ट करण्यावर होता. ते रोखे काही इंग्रजीत नव्हते. परंतु ज्यावर स्वतःचा अंगठा आहे तो दस्तऐवज स्वतःला वाचता येत नाही, ही स्थिती तीच होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली, ती याच अनुभवातून. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी महसूल रयतेकडून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, असा आक्षेप घेतला. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न या पार्श्वभूमीवर केवळ पद्धतीचा राहत नाही. सत्तेची भाषा कोणापर्यंत पोहोचवावयाची आणि कोणाच्या भाषेतून पोहोचवावयाची, हा त्यामागचा मूळ प्रश्न होय.

३

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अभ्यासकांना अज्ञात नव्हता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८५१ मध्ये ती व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. या मधल्या तीस वर्षांत पुणे-मुंबईकडे जे भाषाविषयक कार्य झाले, त्याचे एक लक्षण असे की, त्यात मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा नेहमी समोरासमोर ठेवलेल्या आढळतात. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी–मराठी कोश थॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १८५० मध्ये त्यांनीच विरामचिन्हांची परिभाषा मराठीत आणली. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले. त्याच्या मांडणीवर लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची छाया आहे, हे सर्वमान्य आहे. ही छाया दोष म्हणून दाखवली जाते व ते काही अंशी योग्यही आहे. परंतु त्याच छायेमुळे मराठी मुलाला दोन्ही भाषांची व्याकरणे एकाच परिभाषेत समजून घेण्याची सोय झाली, हेही नाकारता येत नाही.

या परंपरेचे सर्वांत लोकप्रिय फळ म्हणजे तर्खडकरांची तीन भागांतील भाषांतर पाठमाला होय. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी रूप, त्यातील फरकाचा नियम आणि त्यावर अभ्यास, असा तिचा साधा क्रम आहे. ज्या गावात इंग्रजी बोलणारा एकही मनुष्य नव्हता, तेथेही या पुस्तकांच्या आधारे मुले इंग्रजी वाचावयास व लिहावयास शिकली. तिच्या मर्यादा उघड आहेत: उच्चाराकडे दुर्लक्ष, तुटक वाक्ये आणि पाठांतराचा भर. तथापि विद्यार्थ्याला एक भाषा आधीच येते आणि नव्या भाषेकडे तो त्याच भाषेतून पाहतो, हे सत्य तिने मान्य केले होते.

४

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृती पहिले पदवीधर बाहेर पडले. विद्यापीठाने इंग्रजीला ज्या स्वरूपात स्थान दिले ते मात्र कोशकारांच्या व व्याकरणकारांच्या इंग्रजीहून भिन्न होते. आता इंग्रजी हे प्राधान्याने साहित्य झाले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभा राहिला. हिंदुस्थानातील महाविद्यालयांत ते साहित्य त्यापूर्वीच परीक्षेचा विषय झाले होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या घटनेची राजकीय कारणे सविस्तर मांडली आहेत. येथे तिच्या एका शैक्षणिक परिणामाकडे लक्ष वेधावयाचे आहे. भाषा येते असे गृहीत धरून साहित्य शिकवावयाचे, ही प्रथा येथून रूढ झाली.

याच सुमारास, १८६० च्या दशकात, विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळण्यात आल्या. त्यांच्या पुनःप्रवेशासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घ काळ प्रयत्न केला. त्याला यश आले ते १९०१ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, आणि तेही एम. ए.च्या परीक्षेपुरते. म्हणजे इंग्रजीचा उच्च अभ्यास करणाऱ्या अनेक पिढ्यांना आपल्या मातृभाषेचा शास्त्रशुद्ध विचार करण्याचे प्रयोजनच विद्यापीठाने ठेवले नव्हते. भांडारकरांची १८७७ मधील विल्सन व्याख्याने, ग्रीअर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५), मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११), झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये केलेला त्याचा मराठी अनुवाद, हे सर्व कार्य झाले खरे. पण इंग्रजीच्या एम. ए.च्या विद्यार्थ्याला त्याची वाट सापडावी अशी व्यवस्था नव्हती.

शाळेच्या बाजूनेही तीच दिशा बळावली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार होऊ लागला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले आणि पुढे कादंबरीकार व व्याकरणकार म्हणून प्रसिद्धी पावलेले पी. सी. रेन हे तिचे एक पुरस्कर्ते. वर्गात मातृभाषा वर्ज्य करावी आणि वस्तू व कृती दाखवून इंग्रजी शिकवावी, असा या पद्धतीचा आग्रह होता. निव्वळ पाठांतरावर ती एक इष्ट प्रतिक्रिया होती. पण तिला इंग्रजी अस्खलित बोलणारा शिक्षक व लहान वर्ग लागतो. तालुक्याच्या गावी यांपैकी काहीच नव्हते. बंगालमध्ये मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या द्विभाषिकतेवरील आपल्या ग्रंथात विद्यार्थ्याची खरी गरज पाहून वाचनावर भर देण्याचा मार्ग सुचवला, तो अधिक व्यवहार्य होता. महाराष्ट्रातील सामान्य शाळेत मात्र प्रत्यक्ष पद्धती नावापुरती राहिली आणि भाषांतरपद्धती शास्त्राच्या आधारावाचून, काहीशी चोरून, चालू राहिली.

५

स्वातंत्र्यानंतरच्या काळात या दोन्ही प्रवाहांना नवे वळण मिळाले. १९४८ च्या कायद्यान्वये पुणे विद्यापीठ स्थापन झाले व बॅ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. आरंभी १२ जिल्हे त्याच्या कक्षेत होते. जवळजवळ त्याच वेळी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या धोरणानुसार मुंबई राज्यातील शाळांत इंग्रजीचा आरंभ पाचवीऐवजी आठवीपासून होऊ लागला. मातृभाषेतून शिक्षण हे या धोरणामागचे तत्त्व योग्यच होते. परंतु आठवीपासून चार वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात आला, तेव्हा त्याच्यापुढे पूर्वीचेच साहित्यकेंद्री इंग्रजी होते. शाळेने आरंभ लांबवला. विद्यापीठाने अपेक्षा बदलली नाही.

ही विसंगती त्या काळच्या विचारवंतांच्या ध्यानी आली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५५ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, जेथे इंग्रजी हे माध्यम नाही तेथे ती दुसरी भाषा म्हणून खास पद्धतींनी शिकवावी, विद्यापीठांत व अध्यापक महाविद्यालयांत भाषाविज्ञानाकडे कितीतरी अधिक लक्ष द्यावे आणि इंग्रजी साहित्याचे अध्यापन भारतीय साहित्यांच्या अध्ययनाशी जोडावे, अशा आशयाच्या शिफारशी केल्या. १९५८ मध्ये हैदराबाद येथे इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. अमेरिकेत फ्रीझ (१९४५) व लॅडो (१९५७) यांनी विद्यार्थ्याची भाषा व शिकावयाची भाषा यांच्या तौलनिक वर्णनावर अध्यापन उभारण्याचा विचार मांडला होता.

विशेष हे की, या विचाराला लागणारी सामग्री पुण्यातच तयार होत होती. १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकाच्या मध्यास भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. ना. गो. कालेलकर यांनी ‘ध्वनिविचार’ व ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथांनी हे शास्त्र मराठी वाचकापर्यंत आणले. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी १९६० च्या दशकात प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मात्र भाषाविज्ञान डेक्कन कॉलेजात, साहित्य विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आणि अध्यापनपद्धती बी. एड.च्या वर्गात, अशी वाटणी झाली व ती दीर्घ काळ टिकली. ‘आधुनिक भाषा’ या संज्ञेचाही येथे घोटाळा झाला. युरोपात ग्रीक-लॅटिनच्या तुलनेत फ्रेंच, जर्मन या आधुनिक भाषा ठरल्या व त्या परक्या भाषा म्हणून शिकवल्या गेल्या. पुण्यात ते काम रानडे इन्स्टिट्यूटमधील परदेशी भाषांच्या वर्गांकडे गेले. मराठी-हिंदी भारतीय भाषांच्या गटात गेल्या. इंग्रजी ना परकी ना स्वकीय अशा स्थितीत राहिली, आणि ती नेमकी कोणत्या नात्याने शिकवली जाते हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

अशा काळात, १९६२ मध्ये, अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय बारामतीत सुरू झाले. तत्पूर्वी महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलासारख्या शाळांनी येथील पाया घातला होता. (योगायोग असा की, या सोसायटीच्या मूळ संस्थापकांत लक्ष्मण नरहर इंदापूरकर हे नाव घेतले जाते.) नीरा डाव्या कालव्याचे पाणी, माळेगावचा सहकारी साखर कारखाना आणि इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वसवलेले वालचंदनगर यांमुळे या भागात शिक्षणाची आकांक्षा व त्याला लागणारे थोडेफार बळ आले होते. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान निघाले. इंदापुरातही महाविद्यालय झाले. ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरातील मुले-मुली पदवीधर झाली, आणि त्यांपैकी काही इंग्रजीचा विशेष अभ्यास करून एम. ए. झाली. हे यश सामान्य नव्हे.

६

या पदवीधराच्या हाती विद्यापीठाने काय दिले, हे त्याच्या वर्गातील दोन-तीन साध्या उदाहरणांवरून तपासता येईल.

मराठीत ‘सीतेने आंबा खाल्ला’, ‘सीतेने चिंच खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणून आपले व्याकरण त्यास कर्मणी प्रयोग म्हणते. इंग्रजी ‘पॅसिव्ह व्हॉइस’ यासही मराठी शिक्षक कर्मणी प्रयोगच म्हणतो. पण ‘सीता एट अ मँगो’ हे इंग्रजी वाक्य ‘ॲक्टिव्ह’ आहे. विद्यार्थी बुद्धिमान असेल तर तो येथे अडतो आणि शिक्षकाला त्याचे समाधान करता येत नाही. कारण दोन व्याकरणांत एकच नाव दोन भिन्न गोष्टींना दिले आहे, हे त्याला एम. ए.मध्ये कोणी सांगितलेले नसते. तीच गोष्ट ‘मला भूक लागली’, ‘मला आठवते’ या रचनांची. मराठीत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो, इंग्रजीत तो कर्ता होतो. हा नियम एकदा उलगडून दाखवला तर डझनभर चुका एकदम दूर होतात. न दाखवला तर प्रत्येक चूक स्वतंत्रपणे लाल शाईने खुणावी लागते.

भाषांतील भेदांइतकीच साम्येही उपयोगी पडतात. मराठीत ‘जग’ व ‘जीवन’ यांतील ‘ज’ एक नाही. पहिला दंत्य, दुसरा तालव्य. इंग्रजी ‘झू’ शब्दातील घर्षक ध्वनीच्या अगदी जवळ जाणारा उच्चार मराठी मुलाच्या जिभेवर आधीच असतो. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो मुलाला नवे काही शिकवत नाही. असलेले ओळखून देतो. उलट ‘व’ या एका अक्षराखाली इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनी झाकले जातात आणि ‘फळ’ मधील ओष्ठ्य, महाप्राण ‘फ’ हा इंग्रजीतील दंतोष्ठ्य ध्वनी नव्हे, हे त्याला मुद्दाम सांगावे लागते.

तिसरे उदाहरण या परिसरापुरते अधिक महत्त्वाचे आहे. बारामती-इंदापूरच्या खेड्यांतील मूल घरी ‘पानी’, ‘कोन’, ‘व्हता’ असे बोलते. शाळेत प्रथम त्याला ‘पाणी’, ‘कोण’, ‘होता’ ही प्रमाण रूपे शिकावी लागतात, आणि त्यानंतर त्या प्रमाण मराठीच्या आधाराने इंग्रजी. म्हणजे शहरातील मुलाला जी एक पायरी चढावी लागते, तेथे त्याला दोन. पहिल्याच पायरीवर त्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून हिणवले गेले, तर दुसऱ्या पायरीवर ते तोंड उघडत नाही. इंग्रजीत मागे पडलेल्या अशा विद्यार्थ्याला मंदबुद्धी ठरवले जाते. वस्तुतः त्याने इतरांहून अधिक भाषिक श्रम केलेले असतात. बोलींचे शास्त्रीय ज्ञान हा येथे केवळ विद्वत्तेचा विषय राहत नाही. ते शिक्षकाच्या न्यायबुद्धीचे साधन होते.

७

पुढील दशकांत बदल झाले नाहीत असे नव्हे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आली आणि २००० मध्ये पहिलीपासून. एस. पिट कॉर्डर यांच्या १९६७ च्या निबंधानंतर चुकांकडे दोष म्हणून न पाहता शिकण्याच्या प्रक्रियेच्या खुणा म्हणून पाहण्याची दृष्टी आली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील सामान्य शाळांत केलेला कृतिप्रधान प्रयोग जगभर चर्चिला गेला. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा १९९० मध्ये, तर रमेश धोंगडे व काशी वाली यांनी मराठीच्या समग्र रचनेचा २००९ मध्ये ग्रंथरूपाने अभ्यास सादर केला. भाषाविज्ञान, शैलीविज्ञान व इंग्रजीचे अध्यापन हे विषय एम. ए.च्या अभ्यासक्रमांत दाखल झाले आहेत.

तथापि हे विषय आले ते बहुतांशी परदेशी पाठ्यग्रंथांतून, परदेशी उदाहरणांसह. स्पॅनिश वा जपानी विद्यार्थ्याच्या चुका वाचून आपला विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होतो. इंदापूरच्या आठवीतील मुलाची वही त्याच्या अभ्यासात येत नाही. कँडी व दादोबा यांच्या काळी अपुऱ्या साधनांनी का होईना, पण मराठी व इंग्रजी यांचा जो एकत्र विचार होत होता, तो आज विपुल साधने असूनही पदव्युत्तर वर्गात होत नाही. या इतिहासातील खरी हानी कोणती, असे विचारल्यास इंग्रजीचा आरंभ आठवीपासून झाला की पाचवीपासून, हे तिचे उत्तर नव्हे. हा तुटलेला धागा हे तिचे उत्तर आहे.

तो पुन्हा जोडण्यास साहित्याचे अध्ययन सोडावे लागेल, असे मुळीच नाही. ज्याला दोन भाषांचे अंतरंग कळते त्याला साहित्यही अधिक कळते. एम. ए.च्या अभ्यासक्रमात मराठी व इंग्रजी यांच्या तौलनिक वर्णनाची एक अनिवार्य प्रश्नपत्रिका असावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एका शाळेच्या लेखनाचा व बोलीचा अभ्यास करून लघुप्रबंध सादर करावा. मराठी व इंग्रजी विभागांनी त्यांचे मार्गदर्शन एकत्र करावे. बारामतीच्या महाविद्यालयास अलीकडे स्वायत्त दर्जा प्राप्त झाला असून आपला अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक त्यास आहे; तेव्हा याचा आरंभ पुण्याने करावा म्हणून वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. ज्या परिसरात इंग्रजी अहवालांनी रयतेच्या शेताची आकारणी ठरवली, त्याच परिसरातील शेतकऱ्याच्या मुलीने इंग्रजीची एम. ए. होऊन आपल्या गावच्या मुलांची भाषा शास्त्राच्या कसोटीवर मांडावी, यात या दीर्घ इतिहासाची उचित परिणती होईल.